पाचवा डबा

मैत्रिणींनो, सकाळी तुम्ही किती डबे भरता? मी चार भरते. एक ह्यांचा, दोन मुलांचे, आणि सासूबाईंचे ताट झाकून ठेवते तोही डबाच म्हणायचा. पाचवा माझा. तो भरायचा म्हणेपर्यंत घड्याळात साडेसहा वाजलेले असतात आणि मुलुंडहून गाडी पकडायची असते. घाटकोपरच्या एका शाळेत मी तासिकांवर शिकवते. साडेबाराला सुटते.

तासिकांवर शिकवणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला काय पडते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. त्या पैशांतून स्वतः हॉटेलात खायचे? छे! दोन वर्षे मी चहात बिस्किटे बुडवून दुपार काढली. घरी यायची ती डोके धरूनच, आणि राग निघायचा मुलांवर. एकदा गाडीत चक्क भोवळ आली. शेजारच्या बाईंनी पर्समधून चिक्की काढून हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन घेत जा हो काहीतरी. कोण विचारणार आहे?"

दुसऱ्याच दिवशी स्टेशनबाहेरच्या गाडीवर वडापाव घेतला. रस्त्याकडे पाठ करून खाल्ला, एखाद्या मुलाची आई बघेल म्हणून! वडापाव म्हणजे मुळात घाईत असलेल्यांचेच खाणे. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सांगतात. पण बाईमाणसाने रस्त्यात उभ्याने खावे की नाही, हे कोडे माझ्यापुरते काही सुटले नव्हते.

हळूहळू धीट झाले, आणि शहाणीसुद्धा. वडे काढून ठेवलेले असले तर दोन मिनिटे थांबावे, पुढच्या घाण्यातला गरम घ्यावा. पावसाळ्यात ओली चटणी सोडावी, लसणीची सुकी खुशाल मागून घ्यावी. आमच्या उडप्याकडे सांबार दुसऱ्यांदा मागितले तर कोणी तोंड वाकडे करत नाही, त्यामुळे एक प्लेट इडलीत पोट भरते. पोटाला खरा आधार मात्र पोळी-भाजी केंद्राचा. दोन पोळ्या आणि सुकी भाजी, घरच्यासारखी. तिथे पाठमोऱ्या बसून पोळ्या लाटणाऱ्या बायका स्वतः केव्हा जेवतात कोण जाणे. मी एकदा विचारले, तर नुसत्या हसल्या. आणि घाटकोपरला पूर्वेकडे वल्लभ बाग लेन आहेच, सारी खाऊ गल्ली. डोशाचे नाना अवतार तिथे, चीज काय नि भाज्या काय. खिसा राखायचा तर साधा मागावा.

हे सगळे चोरून चालले होते बरं का! हिशेबाच्या वहीत मी ते पैसे 'रिक्षा' म्हणून लिहायची. वही सासूबाई बघतात. "रिक्षा फार होते हल्ली तुझी," एवढे त्या एकदा म्हणाल्याही होत्या. मग एक दिवस भाजीवाल्याला द्यायला सुटे शोधताना पर्समधून उडप्याचे बिल पडले. त्यांनीच उचलले आणि चष्मा लावून वाचले. मला काही सुचेना. मी म्हटले, "आई, भूक लागते हो मला."

त्या काही बोलल्या नाहीत. भाजी निवडायला बसल्या आणि मग आपणहून सांगू लागल्या. त्यांचे माहेर लालबागचे. त्यांच्या आईची खानावळ होती, म्हणजे राहत्या खोलीतच गिरणीकामगारांना जेवू घालायचे. वीस खाणावळी, पाळ्यांप्रमाणे जेवायला येणारे. सगळ्यांचे झाल्यावर आई उभ्यानेच पातेले निपटून घ्यायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते, अशा बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. ते कानावर आले होते, पण घरातल्या पुरुषांनी "नको त्या भानगडी" म्हटले. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर! खाणावळी एकेक करून गावाला गेले. ज्यांना परत येऊन पैसे देऊ वाटत होते, तेही आले नाहीत. उधारीची वही तशीच राहिली.

"माझी आई जन्मात कधी हॉटेलात बसली नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिला कोणी वाढलंय, असं मी बघितलंच नाही. आणि तू रिक्षा काय लिहितेस? किती झाले होते?"

"साठ."

"मग साठ रुपये, जेवण, असं लिही की!"

मला रडू आले, पण मेथी निवडत असल्याने ते खपून गेले.

पुढच्या शनिवारी त्यांना वल्लभ बाग लेनमध्ये घेऊन गेले. "एवढं लोणी? ह्यात आपल्या घरचा आठवडा निघेल!" असे म्हणत त्यांनी तव्यावरचे सारे काम बारकाईने पाहिले. तवा नीट तापला नव्हता म्हणून पहिला डोसा जाड झाला, हेही मला कानात सांगितले. स्वतःचा मात्र संपवला, चटणी दोनदा मागितली. पदराला हात पुसत म्हणाल्या, "आता चहा कुठे चांगला मिळतो?"

त्या तारखेची नोंद सासूबाईंच्याच अक्षरात आहे. डोसा दोन, चहा दोन. आणि खाली, रिक्षा, कारण येताना खरोखरच रिक्षा केली होती.