आम्ही केलेला अँप्लिफायर

मामाच्या ट्रॅक्टरचा टेप बंद पडून पोत्यात पडला होता. दादाने तो खोलला. दादा नववीत आहे. आत ४४४० नंबरची आयसी निघाली. मी तिचे पाय मोजले, ते १४ भरले. दादाने एकेक पाय तापवून कथील काढले. मी टॉर्च धरला. कपॅसिटरपण त्याच टेपचे घेतले. ही आयसी लई तापते, म्हणून तिच्या पाठीला अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळली. पट्टी म्हणजे आईच्या फुटक्या पातेल्याचा तुकडा!

हे सगळे आजीसाठी चालले होते. तिला कमी ऐकू येते. मोबाईलवर कीर्तन लावले की म्हणते, "ओठ हालत्यात, पण शब्द येत न्हाई." मग नुसती बसून राहते.

फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्टची असते. वडील म्हणाले, "सकाळी सातला मला पंप पाहिजे." म्हणजे एकच रात्र होती. दादाने इनपुटच्या तारेला बोट लावले, तर घूंऽऽ झाले. "जिवंत आहे!" असे तो ओरडला. पण मोबाईल जोडला तरी घूं घूं जाईना. मग साध्या तारेऐवजी जाळीची वायर घातली व जाळी मायनसला जोडली. लगेच थांबले.

जुन्या टीव्हीचा स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा ठेवला. आवाज असा घुमला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आजी आधी गप्प होती. मग टाळ्या वाजवू लागली.

सकाळी वडील बॅटरी घेऊन गेले. आता आजी रोज त्यांना विचारते, "फवारणी कवा सरायची रं?"