वॉर्डातला वारा

हात कापू लागल्यापासून नकाशे मी स्वतः काढीत नाही. माझ्या मनातली रेघ आता एक तरुण शिष्य संगणकावर ओढतो, आणि ती माझ्या रेघेहून नेटकी उतरते हे पाहून मला जे वाटते त्याला मत्सराखेरीज दुसरे नाव नाही. होसकोट्याच्या या इस्पितळाच्या कामी मात्र आमचा तंटा खिडकीवरून आहे.

शस्त्रक्रियागृहाला गाळलेली हवा यंत्रानेच पुरवावी लागते, आणि तिथे विजेची काटकसर सुचवणारा पर्यावरणवादी मला धोकादायक इसम वाटतो. पेच आहे तो साध्या वॉर्डाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सामान्य वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळावी. या उंच पठारावर तेवढी मिळणे कठीण नाही, आणि शिष्याच्या पडद्यावरचे निळे बाण तर ती दुप्पट दाखवतात. परंतु रुग्णाची आत्या त्या बाणांच्या हिशेबात नाही. दिवेलागणीला ती डबा घेऊन येते आणि वारा बाधेल म्हणून खिडकी लावून फटीत टॉवेल कोंबते. उरलेले काम चेन्नईच्या हमरस्त्याची धूळ डासांच्या जाळीत बसून पुरे करते.

म्हणून छताखाली, कोणाचा हात पोचणार नाही असे, बिनझडपांचे झरोके पूर्व-पश्चिम भिंतींत ठेवण्याची तजवीज मी केली. पण पावसाळ्यात पश्चिमेचा असलेला वारा हिवाळ्यात पूर्वेचा होतो, आणि जमिनीचा तुकडा असा चिंचोळा की स्वच्छतागृहे पूर्वेखेरीज कोठे बसत नाहीत. डिसेंबरात अर्धवट बांधलेल्या वॉर्डात उदबत्ती लावून पाहिली, तेव्हा धूर स्वच्छतागृहाच्या दारातून निघून खाटांच्या जागेवरून सावकाश पश्चिमेला गेला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली इस्पितळांवर पुस्तक लिहून वॉर्डाला समोरासमोर खिडक्यांचा आग्रह धरला, तो मला आजही शिरोधार्य आहे. कुर्ल्याच्या कोहिनूर इस्पितळाला ‘लीड’चे प्लॅटिनम मानांकन मिळाले याचाही आनंद आहे, मात्र हल्लीचे मालक पहिल्याच बैठकीत मानांकनाच्या पाटीची चौकशी करतात, वाऱ्याची दिशा कोणी विचारीत नाही.

शिष्याने स्वच्छतागृहात हवा बाहेर फेकणारा पंखा सुचवला, म्हणजे ऋतू कोणताही असो, ओढ वॉर्डाकडून तिकडेच राहील. उपाय निर्दोष होता. तरीही कित्येक दिवस मी विजेच्या खर्चाची सबब सांगत राहिलो. खरे कारण एवढेच, की ही इमारत केवळ वाऱ्यावर चालते असे लोकांनी माझ्याविषयी म्हणावे. परवा मी पंख्याला मंजुरी दिली, आणि तो रस्त्यावरून दिसू नये म्हणून छज्जा अर्धा हात वाढवायला सांगितला.