कोर्टाच्या दप्तरातून केंब्रिजच्या परीक्षेकडे

जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात फिर्यादी, कैफियती, साक्षीदारांच्या जबान्या आणि जुनी खरेदीखते मराठीतून इंग्रजीत उतरविण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले, आणि त्या कामापुरते इंग्रजी मला चांगले अवगत होते. परंतु न्यायालयाच्या भिंतींपलीकडचे, म्हणजे ललित लेखनाचे, वादविवादाचे, सांत्वनाचे आणि थट्टेचे इंग्रजीही तितक्याच अधिकाराने हाताळता यावे, अशी जी इच्छा मनात दीर्घकाळ वसत होती, तिला काही निश्चित स्वरूप आणि मुदत मिळावी म्हणून मी केंब्रिजच्या ‘प्रोफिशियन्सी’ परीक्षेला बसण्याचे ठरविले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांसाठी केंब्रिजने सुरू केलेल्या परीक्षांपैकी ही सर्वांत जुनी आणि सर्वांत वरच्या पायरीची. १९१३ साली ती प्रथम घेतली गेली तेव्हा तीन उमेदवार बसले होते, १२ तास त्यांची परीक्षा चालली होती, आणि तिघांपैकी एकही उत्तीर्ण झाला नव्हता. त्या वेळी फ्रेंच किंवा जर्मन भाषेशी संबंधित असा भाषांतराचा पेपर होता. आज तो नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण एखाद्याला शब्द किती खोलवर कळला आहे याची भाषांतराइतकी कठोर तपासणी दुसरी नाही, असे माझे मत आहे.

परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुण मुलामुलींत ‘व्होकॅब’ म्हणजे दुर्मीळ शब्दांच्या याद्या, अशी समजूत दृढ आहे. प्रश्नपत्रिकेचा मजकूर मात्र निराळेच काही मागतो. एका उताऱ्यात ८ जागा रिकाम्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी एक मूळ शब्द दिलेला असतो. त्याला योग्य तो उपसर्ग किंवा प्रत्यय लावून, प्रसंगी दोन्ही लावून, तो त्या जागी बसवायचा. दुसऱ्या एका प्रश्नात ६ वाक्ये असतात. दिलेला शब्द यत्किंचितही न बदलता, किमान ३ आणि कमाल ८ शब्दांत त्या वाक्यांचा आशय पुन्हा मांडायचा. यांत विरळा शब्द क्वचितच लागतो. जो शब्द आपण रोज उच्चारतो त्याची सारी नातीगोती ठाऊक असणे लागते.

या नात्यागोत्यांचा मार्ग मला आमच्या न्यायालयातील एका निवृत्त शिरस्तेदारांनी दाखविला. मोडीच्या कागदांत हयात घालविलेले आणि संस्कृताचे उत्तम जाणकार असे ते गृहस्थ होते. माझ्या टिपणवहीवरून नजर फिरवून ते म्हणाले, “अहो बाई, आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे तुम्ही शाळेत पाच निरनिराळे शब्द म्हणून पाठ केले होते काय? एका ‘हृ’ धातूची ती लेकरे.” त्याच दिवशी आम्ही दोघांनी ‘पाठविणे’ या अर्थाचा ‘मित्तेरे’ हा लॅटिन धातू घेतला आणि त्याची संतती मोजू लागलो, तेव्हा असे आढळले की ती जवळजवळ सगळी आमच्या कचेरीतच नांदत होती. दावा ‘ॲडमिट’ होतो किंवा ‘डिसमिस’ होतो, वकील आपले म्हणणे ‘सबमिट’ करतो, वरचे न्यायालय प्रकरण फेरविचारार्थ खाली ‘रिमिट’ करते, कैद्याला शिक्षेत ‘रेमिशन’ मिळते, आणि खुनाचा खटला दंडाधिकाऱ्याकडून सेशन्स कोर्टाकडे ‘कमिट’ होतो, हे तर आमच्याकडचा पट्टेवालाही सांगेल. मग गुन्हा ‘कमिट’ करणे, एखादी गोष्ट स्मृतीस ‘कमिट’ करणे, ध्येयाला वाहिलेला तो ‘कमिटेड’, आणि कोणत्याच बाजूला बांधून न घेणारे उत्तर ते ‘नॉन-कमिटल’, हे सारे अर्थ सुपूर्द करण्याच्या, हवाली करण्याच्या एकाच कल्पनेतून कसे उमलले आहेत हे दिसू लागले. उपसर्ग धात्वर्थाला बळाने दुसरीकडे नेतो, हा संस्कार ज्याच्यावर शाळेतच झालेला आहे, त्या मराठी विद्यार्थ्याला त्या ८ रिकाम्या जागांचे भय वाटण्याचे वस्तुतः काही कारण नाही.

याहून मोठा लाभ झाला तो भाषेच्या थरांचा. मराठी मनुष्य शेजाऱ्याकडे ताक मागतो, ईश्वरापाशी याचना करतो आणि तहसीलदाराकडे अर्ज करतो. क्रियेचा गाभा एकच, पण एक शब्द घरातला, दुसरा संस्कृतातून आलेला, तिसरा फारसी दरबारातून उतरलेला, आणि त्यांची अदलाबदल केली तर लहान मूलही हसेल. इंग्रजीची रचना हुबेहूब अशीच आहे. आई मुलाला विचारते ते ‘आस्क’, हा जुना सॅक्सन शब्द. सभागृहात मंत्र्याला विचारतात ते ‘क्वेश्चन’, हा फ्रेंचमधून आलेला. आणि पोलीस आरोपीला विचारतात ते ‘इंटेरोगेट’, हा थेट लॅटिनचा. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचने इंग्लंडच्या न्यायदरबारात ठाण मांडले, आणि पुढे १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील तोंडी कामकाज इंग्रजीत चालविण्याची तजवीज झाली, तरी ‘जज’, ‘ज्यूरी’, ‘व्हर्डिक्ट’ हे शब्द कायमचे राहिले. आमच्याकडे शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजविले, तरी दावा, वकील, मुदत आणि हुकूम हे शब्द आजही मराठीत ठाण मांडून आहेतच. या साम्यामुळे मी मोल्सवर्थचा १८३१ साली प्रथम छापलेला मराठी-इंग्रजी कोश पुन्हा उघडला. शब्द संस्कृत की फारसी, अरबी की हिंदुस्तानी, याची खूण तो शब्दापाशीच नोंदवितो. त्याचे अनुकरण करून मी माझ्या वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दापाशी त्याचे कूळ लिहू लागले, आणि कोणता शब्द पत्रात शोभेल, कोणता अहवालात, कोणता केवळ तोंडी बोलण्यात, याचा निर्णय करताना त्या खुणेचा मला फार आधार झाला.

लॅटिन कुळाचे शब्द असे वश झाले, तरी त्यांच्या विरुद्ध टोकाचे एक अवघड प्रकरण होते: ‘टर्न अप’, ‘टर्न डाउन’, ‘टर्न आउट’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ अशी चिमुकल्या शब्दांची जोडक्रियापदे. येथे धातू आणि उपसर्गांचे गणित चालत नाही. पण आमच्याही भाषेत साक्षीदाराची जबानी लिहून घेतात, आरोपी कबुली लिहून देतो, तारखेचे टिपण लिहून ठेवतात, निकालाची नक्कल लिहून काढतात आणि कंटाळवाणे पत्र एकदाचे लिहून टाकतात; परकीयाने मराठी शिकताना या पाच क्रियांतील भेद कसा ओळखावा? वाक्ये ऐकून, पुन्हा ऐकून, आणि प्रसंगासह स्मरणात ठेवून, हाच मार्ग. म्हणून ही क्रियापदे मी कधीही सुटी लिहिली नाहीत. ज्या वाक्यात भेटली ते सबंध वाक्य, कोण कोणास म्हणाले या तपशिलासह, वहीत उतरविले. या कामी हॉर्नबीच्या कोशाने फार साहाय्य केले. जपानात इंग्रजी शिकवीत असताना आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी रचलेला हा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. कोणते क्रियापद पुढे कोणती रचना घेते, कोणत्या नामाचे अनेकवचन होत नाही, ही जी माहिती इंग्रजाला उपजतच असते ती परक्यासाठी त्यात नोंदलेली आहे. हे काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

वाचनासाठी मी कादंबऱ्यांबरोबर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची निकालपत्रे घेतली. नागपुरात वकिली करून तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयात बसलेले बोस असे इंग्रजी लिहीत की गुंतागुंतीचा कायदेशीर मुद्दा साध्या, आखूड, घरगुती शब्दांत उलगडत जावा. मी त्यांचे एकेक परिच्छेद मराठीत आणी, काही दिवस कागद बाजूला ठेवी, मग त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करी आणि मुळाशी ताडून पाही. जेथे माझा शब्द लांब आणि त्यांचा लहान असे, तेथे बहुधा त्यांचाच अधिक अचूक असे. प्रगत शब्दसंपत्ती म्हणजे काय याचे जे उत्तर मला मिळाले ते या ताडणीत मिळाले.

परीक्षा मुंबईच्या केंद्रावर झाली. तोंडी परीक्षेत दोन उमेदवारांना समोरासमोर बसवून बोलते करतात; माझ्या जोडीला गोव्याची एक तरुण शिक्षिका होती, आणि दोघींचे संभाषण गावच्या आठवडी बाजारांवर इतके रंगले की परीक्षकांना ते थांबवावे लागले. यथाकाल प्रमाणपत्र आले.

मला खरी खंत आहे ती वेगळीच. आमच्या शाळांतून संस्कृताच्या तासाला उपसर्ग शिकवितात, मराठीच्या तासाला तत्सम, तद्भव आणि फारसी शब्द शिकवितात, इंग्रजीच्या तासाला ‘प्रिफिक्स’ शिकवितात, आणि हे तिन्ही तास एकमेकांना ओळखत नाहीत. परिणामी मराठी माध्यमाचे मूल जवळची एवढी विद्या बाजूला ठेवून इंग्रजीपुढे रिकाम्या हातांनी उभे राहते. माझ्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हे सविस्तर लिहून कळविले; त्यांनी शनिवारचा शेवटचा तास मला दिला आहे. पहिल्या शनिवारी फळ्याच्या एका बाजूला ‘हृ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मित्तेरे’ असे लिहिले. नववीची मुले आता ‘कृ’ धातूची आणि ‘आणणे’ या अर्थाच्या ‘फेर्रे’ या लॅटिन धातूची यादी आपली आपण करीत आहेत. ‘रेफर’, ‘ट्रान्स्फर’ आणि ‘डिफर’ त्यांनी परवाच गाठले.