निकालाचा छेद

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या छोट्या शाळा फाटकावर फलक लावतात. टक्केवारी मोठ्या अक्षरात, खाली पहिल्या तीन मुलांची नावं. निकाल शंभर टक्के असेल तर फलक बसस्टँडवरही लागतो. ती टक्केवारी खोटी नसते. पण गणिताच्या तासाला शिकलेली एक साधी गोष्ट फलक वाचताना आपण विसरतो. टक्केवारीला अंश असतो, तसा छेदही असतो. किती पास झाले हे फलक सांगतो. कितींपैकी, ते सांगत नाही.

माझं हायस्कूल गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या मुलचेरा-अहेरी पट्ट्यातलं. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या वर्गात घरी गोंडी बोलणारी मुलं होती, तेलुगू बोलणारी होती, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतली बंगाली मुलं होती, आणि आम्ही दोन-तीन मुसलमान घरांतली, घरी दखनी बोलणारी. घरी मराठी बोलणारी मुलं होती, पण वर्ग त्यांचा एकट्यांचा नव्हता. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच आणि प्रश्नपत्रिकाही एकच.

आठवीत बाकांच्या तीन रांगा भरत. दहावीत एक रांग उरली. मधली मुलं कुठे गेली? काही जुलै-ऑगस्टच्या रोवणीत गेली ती परतली नाहीत. काही आईबापांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली. तो हंगाम नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला घरातला प्रत्येक हात लागतो. काही मुलींची लग्नं झाली. आणि काही मुलं नववीतच थांबवली गेली.

या शेवटच्या गटाबद्दल फारसं बोललं जात नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तेव्हा आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. त्यामुळे चाळण नववीत लागू लागली. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. दोन मुलं नापास झाली की शंभरचे नव्वद होतात आणि वरून विचारणा होते. उलट संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटसंख्येवर ठरतात. म्हणून मूल पटावर हवं असतं, परीक्षेला मात्र नको असतं. मग पालकाला बोलावून सांगतात, ‘मुलगा कच्चा आहे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा.’ बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही.

माझ्या मोठ्या भावाच्या वेळी अब्बांना हेच सांगितलं गेलं. हाताची ग्रीस फडक्याला पुसत ते ‘जी सर’ म्हणाले आणि परत आले. फॉर्म कुठे मिळतो, कोणते दाखले लागतात, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. भाई बल्लारपूरला गॅरेजमध्ये लागला. त्या वर्षी त्याच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. त्या शंभरात भाई नव्हता, आणि नापासांतही नव्हता. तो छेदातूनच गेला होता.

यात एक क्रूर गंमत आहे. दहावीत नापास झालेल्या मुलासाठी आता वाटा आहेत. २०१५ मध्ये बोर्डाने जुलैमध्ये फेरपरीक्षा सुरू केली. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. नववीत थांबवलेल्या मुलाच्या हातात यातलं काहीच नसतं. म्हणजे नापास होण्याचा धोका पत्करण्यात मुलाचं नुकसान कमी आणि शाळेचं जास्त. धोका टाळतो तेव्हा आपण कुणाला वाचवतो, हे यावरून कळावं.

आणि ही टक्केवारी किती भरवशाची? २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० वर आला. चंद्रपूर-गडचिरोली ज्यात येतात तो नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सर्वांत खाली. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये राज्याचा निकाल ९५.३० झाला, त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नाही. दोन वर्षांत राज्यातली मुलं आधी मंद आणि मग हुशार झाली नाहीत. मोजपट्टी बदलली.

शाळा दरवर्षी यू-डायसमध्ये प्रत्येक मुलाचा प्रवर्ग, अल्पसंख्याक आहे की नाही, मातृभाषा, सगळं भरते. बोर्ड निकाल देतं तो विभागवार, जिल्हावार, मुलगे आणि मुली असा. गोंडी बोलणारी किती मुलं आठवीतून दहावीला पोचली, हे फलकावर येतच नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, ती असा प्रश्न कुणी विचारत नव्हतं म्हणूनच असावी.

आपल्या समाजाचंही तसंच. गडचिरोलीत मुसलमान २०११ च्या जनगणनेत दोन टक्क्यांच्या आसपास. सच्चर समितीने २००६ मध्ये देशाचं चित्र मांडलं, पण वर्गात दोन मुलं असताना एक गेलं तर ते कोणत्याही अहवालात दिसणार नाही. अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद झाली. नववी-दहावीसाठी ठेवली, तीही मागच्या परीक्षेत ५० टक्के असतील तर. म्हणजे गळती लागते तिथे मदत पोचतच नाही.

पण संख्या छोटी असण्याचा एक फायदा आहे. आपल्याला आकडेवारीची गरज नाही, नावं माहीत आहेत. दरवर्षी जमात गुणवंतांचा सत्कार करते, शाल आणि ट्रॉफी देते. जरूर करावा. त्याआधी महिनाभर मात्र मोहल्ल्यातली दुसरी यादी करावी. दोन वर्षांपूर्वी आठवीत कोण होतं, आणि आज दहावीला कोण नाही? ज्याला १७ नंबर सांगितला गेला, त्याचा फॉर्म भरला गेला का? पालक म्हणून शाळेच्या सभेत हाच प्रश्न विचारावा, फक्त आपल्या मुलांसाठी नाही. गोंडाच्या, बंगाल्याच्या, तेलुगूच्या मुलासाठीही. भांडायची गरज नाही. निकालाच्या फलकावर टक्केवारीखाली एक ओळ मागायची: आठवीत इतके होते, दहावीला इतके बसले. एवढं लिहायला शाळेला पैसे लागत नाहीत.