पवनीची माती आणि विद्यार्थ्यांचे हात

नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे निघाले की सुमारे ८० किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी पवनी लागते. जिल्हा भंडारा. १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली तो हाच भंडारा. गावाभोवती मातीचा जुना तट आणि खंदक आजही दिसतो. गावकरी जिला जगन्नाथ टेकडी म्हणत आले, तिच्या पोटात विटांचा स्तूप दडलेला होता, आणि तोही सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा व्यासाने मोठा!

नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले. ब्राह्मी लिपीत नाव कोरलेला नागराज मुचलिंद निघाला. दान देणाऱ्या भिक्षू-उपासकांचे लेख निघाले. पाच निकाय जाणणाऱ्या एकाचा उल्लेखही त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठी धम्माचे एवढे अध्ययन चालत होते, याचा हा पुरावा.

माझी पुतणी प्राचीन इतिहास व पुरातत्त्व या विषयात एम.ए. करते. मागच्या हिवाळ्यात ती सोबत होती, म्हणून उत्खननाचे काम शिकतात कसे ते कळले. मला वाटे, खणायचे आणि मूर्ती काढायची. तसे मुळीच नाही.

आधी जमिनीवर खुंट्या ठोकून, सूत ताणून १० मीटरचे चौकोन आखतात. दोन चौकोनांच्या मध्ये १ मीटर माती न खणता भिंतीसारखी ठेवतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ साली तक्षशिलेला भारतीय विद्यार्थ्यांना हीच पद्धत शिकविली. त्या भिंतीच्या उभ्या अंगावर मातीचे थर दिसतात: काळा, पिवळसर, राखेचा, विटांच्या चुऱ्याचा. विद्यार्थ्याने थापीने अंग तासून साफ करायचे, प्रत्येक थराला चिठ्ठी लावायची, ओळंबा आणि टेप घेऊन त्याचे चित्र आलेख कागदावर उतरवायचे. सूत, थापी, ओळंबा! आपल्या वस्तीतल्या कोणत्याही गवंड्याला ही हत्यारे सांगावी लागत नाहीत.

खरी कसोटी खड्ड्याची. शंभर वर्षांपूर्वी कोणी धान्यासाठी पेव खणले असेल, तर ते खालचे जुने थर फोडून जाते. त्याची कड ओळखता आली नाही तर कालचे नाणे आणि सातवाहन काळातले खापर एकाच पिशवीत जातात, आणि मग स्तूप केव्हाचा हे सांगणेच अवघड होते. ‘हे आमचे आहे’ असे आपण सभेत टाळ्यांच्या गजरात सांगतो. विद्वानांसमोर सांगायचे तर थराची वही दाखवावी लागते.

खापरे धुणे हे काम सर्वांत कंटाळवाणे. धुवायची, सावलीत वाळवायची, मग प्रत्येक तुकड्यावर शाईने स्थळ, वर्ष, चौकोन, थर लिहायचे. पुतणी म्हणाली, “काका, पहिले आठ दिवस एवढंच केलं.” पण त्या आठ दिवसांत हाताला मडक्याची जात कळू लागते. कुदळ विटेवर पडली की मातीवर, हे आवाजावरून ओळखायला तिला मजुरांनी शिकविले. हे मजूर आसपासच्या खेड्यांतले, बहुतेक आपल्यासारखेच. छापील अहवालात त्यांची नावे क्वचितच सापडतात, हे मला खटकते.

नातेवाईक विचारतात, यात नोकरी कुठे आहे? जागा थोड्या आहेत, हे खरे. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पुरातत्त्वाच्या एम.ए.चा अर्ज करता येतो, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

मुलांना घेऊन पवनीला जरूर जा. वीट, खापर उचलून मात्र आणू नका. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय जागेवरून हललेले खापर मुके होते. वेळ असेल तर जवळच रुयाडची महासमाधीभूमी पाहता येते. डबा आणि पाणी बरोबर ठेवावे. टेकडीवर सावली कमी आहे.