माजलगावचा मासा, पुण्याची सुशी

माजलगाव, गुरुवार

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी इथे पोचलो. धरण सिंदफणेवरचं, पण पैठणच्या उजव्या कालव्यातून गोदावरीचंही पाणी त्यात येतं. जेवायला रोहूचे तळलेले तुकडे, लालभडक रस्सा आणि ज्वारीची भाकरी. पुण्यात पोरं मासा कच्चाच खातात म्हटल्यावर धाब्यावरचे मामा माझ्याकडे असे बघायला लागले, की आपल्या सायलीचं नाव काढलंच नाही. तिच्या सुशीत किडे असतील का, हे तुमचं विचारणं लक्षात आहे. बीडला प्राणिशास्त्राचे एक सर ओळखीचे आहेत, त्यांना गाठतो.

बीड, शनिवार

वहिनी, सरांनी आज वाम फाडून दाखवली. आतडं उभं चिरून मिठाच्या पाण्यात ठेवलं, तर त्यातली पांढरी फीत आखडायला-ताणायला लागली. पट्टकृमी! मराठवाड्यात हा अभ्यास जुना. मराठवाडा विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशांतल्या कितीतरी कृमींची नोंद केली. काम चिकाटीचं. कृमी काचपट्ट्यांत दाबून चपटा करायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावायचा. त्यातून फोटो निघत नाही. कृमी आणि कागदावरची पेन्सिल एकदमच दिसतात, आपण कडा गिरवत जायचं. डोक्यावरच्या बारीक आकड्यांची रांग मीही गिरवली. सर हसले, पण कागद फेकला नाही.

हे सगळं आतड्यातलं, आणि आतडं आपण टाकतोच. सुशीवाल्यांची डोकेदुखी निराळी. समुद्री माशातला अॅनिसाकिस नावाचा गोलकृमी मासा मेल्यावर आतड्याकडून मांसात शिरू शकतो. कारखान्यात तुकडा खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून तो शोधतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७ साली प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने कॉडच्या मांसात ८ मिलिमीटर खोलवरचे कृमी पकडले. कौतुक आहेच, पण तुकडा त्याहून जाड असला तर काय?

तेव्हा सायलीला म्हणावं, दुकानदाराला कॅमेऱ्याचं नको, बर्फाचं विचार. मासा उणे २० अंशांवर ७ दिवस राहिला, की न दिसलेला कृमीही मरतो. घरच्या फ्रीजवर विसंबू नये, तो तेवढा गार होईलच असं नाही. आणि नदी-तळ्यातला मासा कच्चा अजिबात नको, हे माझ्या नावावर सांगा.

दादांना नमस्कार. उद्या अंबाजोगाईला निघतो, पुढचं पत्र तिथून.