त्र्यंबकची वाट आणि नवे बूट

पहांटे साडेपांचच्या सुमारास त्र्यंबक नाक्यावर उभें राहिलें असतां नाशिकचें एक निराळेंच रूप दृष्टीस पडतें. भाजीचे टेम्पो, दुधाच्या किटल्या आणि सातपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेली माणसें यांच्या मधून, डोक्यावर शिरस्त्राण व पाठीशीं तांबडा दिवा लावलेले सायकलस्वार दोघे-दोघे, चौघे-चौघे असे पश्चिमेकडे निघून जातात. त्यांत डॉक्टर असतात, वकील असतात, कामगार असतात, आणि अलीकडे गृहिणीहि असतात. ज्या गांवीं पन्नाशी उलटलेला मनुष्य गंगेवर स्नानास जाण्यापलीकडे फारसा व्यायाम करीत नसे, त्या गांवाला हें वेड कसें लागलें याचा उलगडा करावयाचा तर इ. स. २०१५ या सालाकडे वळावें लागतें.

त्या वर्षीं येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांचा संघ करून पुरी केली. कॅलिफोर्नियांत ओशनसाइड येथें पॅसिफिकच्या कांठीं निघावयाचें, डोंगर, वाळवंट आणि मैदानें ओलांडावयाचीं, आणि पलीकडे मेरीलंडमधील अ‍ॅनापोलिस गांठावयाचें. अंतर सुमारें ४,८०० किलोमीटर. एक बंधु रुग्णास भूल देणारे, दुसरे दंतवैद्य. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून सायकल चालविणाऱ्या या दोघांनीं तें अंतर नऊ दिवसांच्या आंत तोडलें. पुढें २०१७ सालीं नाशिकशीं संबंध असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीं तीच शर्यत एकट्यानें पुरी करण्याचा मान भारतीयांत प्रथम मिळविला, आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोंचले. या बातम्यांनीं नाशकांतील किती सायकली माळ्यावरून खालीं उतरल्या असतील, त्याची गणती नाहीं. आमची त्यांपैकींच एक.

परंतु आमचें प्रकरण पायडलावर येऊन अडकलें. गेल्या पावसाळ्यांत अंजनेरीच्या अलीकडे ओल्या पायडलावरून आमचा पाय घसरला, आणि पायडलाच्या कडेचे दांत नडगीवर असे ओढले गेले कीं त्याची खूण अजून आहे. आमचा पुतण्या अंबडच्या एका कारखान्यांत इंजिनीयर आहे. जखम पाहून तो म्हणाला, “काका, तुम्ही आतां जोडाचे बूट घ्या. पाय घसरण्याचा प्रश्नच उरणार नाहीं.”

या पायडलांस इंग्रजींत ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेलीं, असें म्हणतात. आणि त्यांत पाय तर खटकन् क्लिपेंत बसतो! हें नांव ऐकून आम्ही बराच वेळ पुतण्याशीं वाद घातला. खुलासा असा कीं, जुन्या शर्यतींच्या सायकलींना पायडलापुढें एक पिंजरा व चामडी पट्टा असे. चवडा त्यांत घालून पट्टा हातानें आवळीत. त्या पिंजऱ्याचें नांव टो-क्लिप. तो गेला म्हणून नवें पायडल क्लिपलेस. फ्रान्समधील लूक ही कंपनी बर्फावरील स्की बुटाला जोडण्याच्या खिट्ट्या बनवीत असे. नेटका पाय धरावा आणि मनुष्य पडूं लागतांच सोडावा, ही त्या खिट्टीची विद्या तिनें १९८४ सालीं सायकलीस लावली, आणि दुसऱ्याच वर्षीं बर्नार्ड हिनॉल्ट हा फ्रेंच वीर तसलीं पायडलें वापरून टूर द फ्रान्स जिंकला. १९९० सालीं जपानच्या शिमानोनें बुटाच्या तळव्यांतील खांचेंत दडणारी लहानशी धातूची पट्टी काढली. तळव्यास बसणाऱ्या या तुकड्याला क्लीट म्हणतात. वास्तविक कल्पना आपणांस नवी नव्हे. आजोबांच्या खडावांना जो खुंटा असे, तो अंगठा आणि शेजारचें बोट यांच्या चिमटींत धरूनच ते विहिरीपासून देवघरापर्यंत चालत. भेद इतकाच कीं तेथें पाय खडावेला धरी, येथें पायडल पायाला धरतें.

खरेदीच्या वेळीं असें दिसून आलें कीं या बुटांच्या दोन जाती आहेत. एकींत तीन स्क्रूंची मोठी प्लॅस्टिकची क्लीट तळव्याबाहेर उभी राहते. पाय तिच्यावर रुंद टेकतो, पण सायकलीवरून उतरल्यावर मनुष्य बदकासारखा चालूं लागतो. दुसरींत दोन स्क्रूंची ती लहान पट्टी, रबरी तळव्यांत बुडालेली. पहिल्या दुकानदारानें आम्हांस तीन स्क्रूंची जोडी देण्याचा फार आग्रह केला. खरे सायकलस्वार हेच घेतात, असें त्याचें म्हणणें. त्याच्या दुकानासमोरील फरशीवर आम्ही चार पावलें टाकलीं, आणि पांचव्या पावलास त्याचाच खांदा धरला. ज्याला वाटेंत चहासाठीं उतरावयाचें आहे, घाटाच्या दगडी पायऱ्या चढावयाच्या आहेत, त्यानें दोन स्क्रूंचीच जोडी घ्यावी. दुसऱ्या दुकानीं आम्ही संध्याकाळीं गेलों, कारण दिवसभराच्या चालण्यानें पाय किंचित् फुगतो आणि सकाळीं बसलेला बूट संध्याकाळीं चावतो. तळवा ताठ असावा, टांच वर उचलली जाऊं नये, बोटें मात्र पुढें मोकळीं राहावींत. क्लीटा बहुधा बुटांबरोबर नव्हे तर पायडलांबरोबर मिळतात, हें ठाऊक नसल्यामुळें आम्ही त्या वेगळ्या विकत घेतल्या, आणि आतां आमच्या घरीं त्यांची एक जोडी निष्कारण पडून आहे.

दुकानांत असेंहि सांगण्यांत आलें कीं या बुटांनीं पाय वर येतांना पायडल ओढतां येतें व त्यामुळें वेग फार वाढतो. यांत अतिशयोक्ति आहे. सपाट रस्त्यावर सायकल चालते ती खालच्या दाबानेंच. वर ओढणें एखाद्या चढावर घटकाभर उपयोगीं पडतें, पण सतत ओढूं गेल्यास मनुष्य लौकर थकतो. खरा लाभ असा कीं पाय एकाच जागीं राहतो, पावसांत घसरत नाहीं, खड्ड्यांत उडत नाहीं. भाजी आणावयास रविवार कारंजावर जाणाऱ्यानें हा खर्च करूं नये.

पायडलें आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील मिस्त्रीनें बसविलीं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही घरीं अर्धा तास पाना फिरवून तें अधिकच आवळून ठेवलें होतें. मिस्त्री कांहीं बोलला नाहीं, नुसता हंसला.

पहिल्या रविवारीं आम्ही निघालों. पाय अडकविणें सोपें: चवडा पुढें रेटून दाबला कीं खट्ट आवाज होतो. सोडविण्यासाठीं टांच बाहेरच्या बाजूस फिरवावी लागते. वर किंवा मागें ओढून कांहीं होत नाहीं. चालत्या सायकलीवर आम्ही हें दहा वेळां करून पाहिलें व विद्या साधली असें समजलों. येतांना आय. टी. आय. सिग्नलवर तांबडा दिवा लागला. आम्ही थांबलों, आणि पन्नास वर्षांची संवय तशीच चालून पाय वर उचलला. तो उचलला गेला नाहीं. सायकलीसह आम्ही उजवीकडे, म्हणजे रहदारीच्या अंगास, एखाद्या कापलेल्या झाडाप्रमाणें आडवे झालों. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. चालकानें खिडकींतून डोकें काढून जें म्हटलें, तें येथें छापण्यासारखें नाहीं. पण त्याचा चेहरा आमच्याहून अधिक पांढरा झाला होता.

ही हकीकत आम्ही घरीं सांगणार नव्हतों. कोपरावरील रक्तानें ती सांगितली. आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि त्यांचा शब्द घरांत अखेरचा. त्या म्हणाल्या, “अरे, रिकिबींत पाय अडकून फरफटत गेलेल्या स्वारांच्या गोष्टी ऐकत आम्ही लहानाच्या मोठ्या झालों, आणि तूं पैसे मोजून पाय अडकवून घेतोस? ते बूट माळ्यावर टाक.” बूट माळ्यावर गेले. यांत आईचें चुकलें असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें नाहीं, आणि आजहि वाटत नाहीं. ट्रकचें पुढचें चाक आम्हीं जमिनीवरून पाहिलें होतें.

आठ दिवसांनीं बूट खालीं काढले ते वहिनींनीं. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “रस्त्यावर शिकायला कोणी सांगितलं होतं? आपला चौक काय वाईट आहे?” आमच्या जुन्या वाड्याच्या चौकांत तुळशीवृंदावनाच्या शेजारीं सोप्याचे लांकडी खांब आहेत. एका खांबास हात टेकून आम्ही सायकलीवर बसावें, डावा पाय अडकवावा, टांच फिरवून सोडवावा, आणि वहिनींनीं तांदूळ निवडतां निवडतां मोजावें, असा क्रम सुरू झाला. रोज शंभर वेळां डावा, मग पन्नास वेळां उजवा. पुतण्यानें पायडलाच्या स्प्रिंगचा स्क्रू सोडून ताण अगदीं हलका केला, आणि टांच नुसती एका नव्हे तर अनेक दिशांनीं वळली तरी सुटेल अशी क्लीट आणून बसविली. नवशिक्यानें आरंभ यानेंच करावा. आपल्याकडे वाहनें डावीकडून जातात, म्हणून थांबण्यापूर्वीं, थांबल्यावर नव्हे, डावा पाय सोडवून सायकल डावीकडे कलवावयाची, हें वहिनींनीं आमच्याकडून एवढें घोकून घेतलें कीं पाटावरून उठतांनाहि आमची डावी टांच बाहेर वळूं लागली. आई देवघरांतून हें पाहत होती. बोलली कांहीं नाहीं.

मध्यंतरीं गुडघ्यानें त्रास दिला. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास ठणका लागला, तेव्हां वयाला दोष देऊन आम्ही तेल चोळीत बसलों. दोष क्लीटेचा निघाला. कट्ट्यावर बसून पाय लोंबते सोडले असतां आमचा उजवा चवडा नैसर्गिकपणें थोडा बाहेर वळतो. क्लीट बसवितांना तो आंत वळविला गेला होता. साध्या पायडलावर पाय आपली जागा आपण शोधतो; येथें तो जसा बांधाल तसा तासाला हजारों वेळां फिरतो, आणि दोन-चार अंशांची चूक गुडघ्याला भोगावी लागते. या क्लीटांत टांचेला इकडेतिकडे हलण्यास थोडी मोकळीक असते खरी, परंतु मूळ जागा वांकडी असल्यास ती पुरत नाहीं. अंगठ्याच्या मुळाशीं जें हाड पुढें येतें त्याच्या खालीं, किंवा किंचित् मागें, क्लीट आणून आम्हीं ती बाहेर वळविली. पंधरा दिवसांत ठणका गेला.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ज्ञानदेवांच्या या ज्येष्ठ बंधूंची व गुरूंची समाधि तेथें आहे, आणि यात्रेच्या आधीं कांहीं दिवस सारी वाट दिंड्यांनीं भरून जाते. आम्हीं एकादशीच्या आदल्या दिवशीं जावयाचें ठरविलें. थंडी इतकी होती कीं हातमोज्यांतहि बोटें वळत नव्हतीं. सातपूरची धुरांडीं मागें पडलीं, महिरावणीच्या पुढें धुकें विरळ झालें, आणि डावीकडे अंजनेरी, समोर ब्रह्मगिरि अशीं काळीं शिखरें हळूहळू उजळूं लागलीं. रस्त्याच्या कडेनें टाळ-मृदंग, भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. कोणाच्या पायांत प्लॅस्टिकच्या चपला, कोणाचे पाय अनवाणी. त्यांच्यामधून तासाला आठ-दहा किलोमीटरच्या वेगानें जातांना दर शंभर पावलांस आम्ही डावी टांच बाहेर वळवीत होतों.

अंजनेरीच्या पुढें एक म्हातारे वारकरी दिंडी सोडून अकस्मात् रस्त्याच्या मध्यें आले. त्यांचें लक्ष पलीकडच्या पाण्याच्या टँकरकडे होतें. ब्रेक दाबला, सायकल जागच्या जागीं उभी राहिली, आणि आमचा डावा पाय कधीं सुटून जमिनीस लागला हें आम्हांसहि कळलें नाहीं. पुढचें चाक त्यांच्या धोतरापासून वीतभर दूर होतें. म्हातारे वळले, खट्ट आवाज कशाचा झाला म्हणून आमच्या बुटाकडे वांकून पाहूं लागले.

“पाय बांधलेत का माउली?”

“होय.”

“मग उतरायचं कसं?”

आम्हीं टांच फिरवून दाखविली. त्यांनीं ती पुन्हां एकदां करावयास लावली, मग “बरं हाय,” म्हणून टँकरकडे गेले. पुतण्या मागें उभा होता. त्याचे हात ब्रेकवरून निघत नव्हते.

त्र्यंबकला पोंचल्यावर कुशावर्ताजवळ आम्ही बूट काढले आणि गार फरशीवर अनवाणी उभे राहिलों. समाधीची रांग फार लांब होती. कळसाला हात जोडून परत फिरलों.

घरीं आलों तेव्हां आई ओटीवरच बसली होती. “पडलास?” एवढेंच तिनें विचारलें. “नाहीं,” आम्हीं म्हटलें. त्या म्हाताऱ्यांची गोष्ट तेव्हां सांगितली नाहीं. हा लेख ती वाचील तेव्हां तिला कळेल. तिनें बूट उंबऱ्याबाहेर ठेवावयास सांगितलें. माळ्याचें नांव काढलें नाहीं.

वहिनींनीं चहा आणला. त्यांतील एक बूट त्यांनीं उचलून पाहिला, तळव्यावर बोट फिरविलें, आणि पुतण्याला विचारलें, “बायकांच्या मापाचे मिळतात का रे हे?”

“छत्तीस नंबरपासून मिळतात, आई,” तो म्हणाला.